ल्यूथरन परंपरेतील खाजगी पापनिवेदन : तत्त्व, विधी आणि इतिहास

प्रस्तावना

पाळकासमोर एकट्याने बसून आपल्या पापांचा उच्चार करणे आणि त्याच्या तोंडून क्षमेचे वचन ऐकणे ही प्रथा केवळ रोमन कॅथलिक पंथाची आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. महाराष्ट्रात या समजास कारणही आहे. वसई व गोव्याकडील कॅथलिक समाजामुळे आणि चित्रपटांमुळे जाळीदार खिडकीच्या लाकडी कोठडीतील 'कन्फेशन' सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. मराठी मुलखात प्रोटेस्टंट धर्मप्रसार झाला तो मुख्यतः अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांकडून. त्या परंपरांत खाजगी पापनिवेदनाला विशेष स्थान नव्हते. ल्यूथरन मिशनचे कार्य भारतात १७०६ मध्ये तरंगंबाडी येथे सुरू झाले व १८४५ पासून गॉस्नर मिशनने ते छोटानागपुरात केले. परंतु मराठी भाषकांशी या पंथाचा संबंध अल्पच राहिला. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत मार्टिन ल्यूथर भेटतो तो पापमुक्तिपत्रांचा विरोधक म्हणून. त्याने पापनिवेदनाचीही प्रथा मोडीत काढली असावी, असा तर्क विद्यार्थी आणि पुष्कळदा अध्यापकही करतात.

हा तर्क वस्तुस्थितीस धरून नाही. ल्यूथरने पापनिवेदनाची सक्ती नाकारली, पण प्रथा आग्रहाने जपली. ल्यूथरन पंथाच्या अधिकृत ग्रंथांनी ती राखण्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि दीडशेहून अधिक वर्षे जर्मनीतील ल्यूथरन मंडळ्यांत ती नियमितपणे चालू राहिली. पुढे ती क्षीण का झाली आणि पुन्हा पुन्हा तिचे पुनरुज्जीवन करण्याची गरज का भासली, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रथेचे तत्त्व, विधी आणि इतिहास यांची मांडणी करून या प्रश्नाचा विचार केला आहे.

संज्ञांचा विचार

पापनिवेदनाचे तीन प्रकार मानले जातात. पहिला प्रकार म्हणजे थेट देवापुढे प्रार्थनेत केलेले निवेदन. दुसरा, ज्याचा अपराध केला त्या माणसापुढे दिलेली कबुली. तिसरा, पाळकासमोर किंवा एखाद्या श्रद्धावान बंधूसमोर एकांतात केलेले निवेदन. पहिले दोन प्रकार ल्यूथरने प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीस अनिवार्य मानले. तिसरा ऐच्छिक, पण अत्यंत हितकर मानला. प्रस्तुत लेखात 'खाजगी पापनिवेदन' ही संज्ञा या तिसऱ्या प्रकारासाठी योजली आहे. उपासनेत संपूर्ण मंडळीने एकमुखाने म्हटलेल्या निवेदनास 'सामुदायिक पापनिवेदन' म्हटले आहे.

मराठी बायबलमध्ये या क्रियेसाठी 'पाप पदरी घेणे' असा शब्दप्रयोग आढळतो. पदरी घेण्यात दोष आपलाच आहे हे मान्य करणे अभिप्रेत आहे. दोषांची यादी सादर करणे अभिप्रेत नाही. पुढील विवेचनात दिसून येईल की, ल्यूथरन आणि कॅथलिक भूमिकांमधील मुख्य भेद याच ठिकाणी आहे.

मध्ययुगीन पार्श्वभूमी

१२१५ मध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने असा नियम केला की, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्री-पुरुषाने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे सर्व पापांचे निवेदन करावे आणि पुनरुत्थानाच्या सणास प्रभुभोजन घ्यावे. नियम मोडणाऱ्यास चर्चमध्ये प्रवेश व ख्रिस्ती दफन नाकारण्याची तरतूद होती. मध्ययुगीन धर्मशास्त्राने या संस्काराची तीन अंगे सांगितली : पश्चात्ताप, मुखाने निवेदन आणि प्रायश्चित्तरूप भरपाई. आठवलेले प्रत्येक गंभीर पाप त्याच्या परिस्थितीसह सांगणे बंधनकारक होते.

या व्यवस्थेत प्रामाणिक माणसाची कोंडी होत असे. आपला पश्चात्ताप पुरेसा खरा आहे काय, एखादे पाप सांगावयाचे राहून तर गेले नाही ना, दिलेली भरपाई पूर्ण झाली काय, या प्रश्नांना अंत नव्हता. १५०५ मध्ये एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात प्रवेश केलेल्या ल्यूथरने ही कोंडी स्वतः भोगली. तो तासन्‌तास पापनिवेदन करीत असे आणि उठून गेल्यावर आणखी एखादे पाप आठवून पुन्हा अस्वस्थ होत असे. त्याचा वरिष्ठ व मार्गदर्शक योहान फॉन श्टाउपिट्झ याने त्याचे लक्ष पापांच्या गणतीवरून ख्रिस्ताच्या कृपेकडे वळविण्याचा प्रयत्न केला. हे ऋण ल्यूथरने पुढे आयुष्यभर मान्य केले. म्हणजेच ज्या प्रथेने त्याला छळले, तिच्याच द्वारे त्याला दिलासाही मिळाला. त्याची पुढील भूमिका या दुहेरी अनुभवातून घडलेली आहे.

ल्यूथरची भूमिका

३१ ऑक्टोबर १५१७ च्या पंचाण्णव प्रबंधांचा आरंभच पश्चात्तापाच्या विषयाने होतो. ख्रिस्ताने सांगितलेला पश्चात्ताप हा एखाद्या विधीपुरता मर्यादित नसून तो संपूर्ण आयुष्याचा धर्म आहे, असे तेथे प्रतिपादन आहे. १५२० च्या 'चर्चचा बाबिलोनी बंदिवास' या ग्रंथात ल्यूथर प्रारंभी पश्चात्तापाची गणना तीन संस्कारांत करतो, तर अखेरीस दृश्य चिन्हाच्या अभावी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच खरे संस्कार ठरवितो. मात्र त्याच ग्रंथात खाजगी पापनिवेदन उपयुक्त, किंबहुना आवश्यक असल्याचे मत तो नोंदवितो.

ही भूमिका कसोटीस लागली ती १५२२ मध्ये. ल्यूथर वार्टबुर्ग किल्ल्यात अज्ञातवासात असताना विटेनबर्ग येथे त्याचा सहकारी आंद्रेआस कार्लश्टाट याने सुधारणांचा वेग वाढविला आणि १५२१ च्या नाताळात पूर्वनिवेदनाची अट न घालता लोकांना प्रभुभोजन दिले. मार्च १५२२ मध्ये परत येऊन ल्यूथरने सलग आठ दिवस प्रवचने केली. त्यांपैकी शेवटच्या प्रवचनाचा विषय पापनिवेदन हा होता. कोणासही त्याची सक्ती करू नये, पण ते कोणी हिरावूनही घेऊ नये, कारण त्याच्या आधाराविना आपण निराशेपुढे टिकलो नसतो, असा त्या प्रवचनाचा आशय आहे. स्वतः ल्यूथर विटेनबर्गचा पाळक योहानेस बुगेनहागेन याच्यापुढे नियमितपणे पापनिवेदन करीत असे.

पंथग्रंथांतील मांडणी

२५ जून १५३० रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे सादर झालेली आउग्सबुर्ग श्रद्धाघोषणा ही ल्यूथरन पंथाची पायाभूत घोषणा होय. तिचा कर्ता फिलिप मेलांक्थॉन. तिच्या अकराव्या कलमात खाजगी क्षमावचन मंडळ्यांत कायम ठेवावे, मात्र सर्व पापांची गणना आवश्यक नाही, असे म्हटले आहे. यासाठी स्तोत्रसंहितेच्या एकोणिसाव्या स्तोत्राचा आधार घेतला आहे. माणसाला आपल्या सर्व चुका कळणे शक्यच नसते. पंचविसाव्या कलमात पापनिवेदन रद्द केल्याचा आरोप फेटाळला असून, परीक्षा व क्षमावचन झाल्याखेरीज प्रभुभोजन न देण्याची रीत पाळली जाते, असे नमूद केले आहे. १५३१ च्या समर्थनग्रंथात मेलांक्थॉन क्षमावचनास संस्कार म्हणावयासही तयार होतो. ल्यूथरने लिहिलेल्या १५३७ च्या श्मालकाल्ड कलमांतही पापनिवेदनावर स्वतंत्र कलम आहे. हे सर्व ग्रंथ १५८० च्या 'बुक ऑफ कॉन्कॉर्ड' या संग्रहात समाविष्ट झाले.

या मांडणीचे तीन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत.

पहिला विशेष म्हणजे भर निवेदनावरून क्षमावचनावर गेला. पापनिवेदनाची दोनच अंगे राहिली : माणूस पाप मान्य करतो आणि पाळकाच्या मुखातून क्षमा स्वीकारतो. यांपैकी पहिले माणसाचे कार्य, दुसरे देवाचे. आणि महत्त्व दुसऱ्याचे. क्षमेची सिद्धता पश्चात्तापाच्या तीव्रतेवर अवलंबून राहिली नाही.

दुसरा विशेष पाळकाच्या स्थानाविषयीचा आहे. कॅथलिक सिद्धान्तानुसार धर्मगुरू न्यायाधीशाच्या नात्याने निर्णय देतो, म्हणून त्याच्यापुढे सर्व पुरावा येणे आवश्यक ठरते. १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने गंभीर पापांची गणना ईश्वरी आज्ञेनेच आवश्यक असल्याचे पुन्हा ठरविले, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे. ल्यूथरन दृष्टीने पाळक हा निरोप्या आहे. निरोप पोचविणाऱ्यास खटल्याचे कागद पाहण्याचे कारण नाही.

तिसरा विशेष 'तुला' या शब्दाचा. प्रवचनात क्षमा सर्वांना उद्देशून सांगितली जाते आणि दोषाने खचलेला माणूस त्या 'सर्वां'तून स्वतःला नेमका वगळतो. इतरांना क्षमा असेल, आपल्याला नाही, असे त्याला वाटते. खाजगी क्षमावचनात वगळण्यास जागाच उरत नाही. समोर एकच माणूस बसलेला असतो आणि वचन त्यालाच उद्देशून असते.

या तिसऱ्या मुद्द्यावरून १५३३ मध्ये न्युर्नबर्ग येथे वादही झाला. आंद्रेआस ओसिआंडर या पाळकाने सामुदायिक क्षमावचनास तीव्र विरोध केला. पश्चात्तापी व पश्चात्तापहीन अशा दोघांनाही एकाच दमात क्षमा कशी देता येईल, असा त्याचा आक्षेप होता. नगरपरिषदेने सल्ला विचारला असता ल्यूथर आणि मेलांक्थॉन यांनी दोन्ही प्रकार ग्राह्य ठरविले. हा निर्णय समतोल होता. मात्र पुढे सामुदायिक प्रकाराने खाजगी प्रकारास बाजूस सारले, त्याची वाट येथूनच मोकळी झाली असे म्हणता येते.

विधीचे स्वरूप

१५२९ च्या लघु धर्मप्रश्नोत्तरीत ल्यूथरने पापनिवेदनाचा छोटा नमुना जोडला आणि १५३१ मध्ये तो सुधारून विस्तृत केला. हा नमुना सामान्य माणसांसाठी आहे. निवेदकाने दहा आज्ञांच्या प्रकाशात आपल्या जीवनातील स्थानाचा विचार करावा : आपण पिता, माता, पुत्र, कन्या, धनी अथवा चाकर म्हणून कसे वागलो? आज्ञाभंग, आळस, कामचुकारपणा झाला काय? कोणाचे शब्दाने वा कृतीने नुकसान केले काय? येथे पापाचा शोध गूढ आध्यात्मिक स्तरावर न घेता घर, शेत आणि कामाच्या ठिकाणी घेतला आहे, ही बाब लक्षणीय होय. ज्याला फारसे काही आठवत नाही त्याने मनाला छळून पापे शोधू नयेत. एखाददुसरे सांगावे व तेवढ्यावर थांबावे, असेही मार्गदर्शन तेथे आहे.

निवेदनानंतर पाळक एकच प्रश्न विचारतो : त्याने उच्चारलेली क्षमा ही देवाचीच क्षमा आहे, असा निवेदकाचा विश्वास आहे काय? होकार मिळताच तो क्षमावचन उच्चारतो. ज्याचे मन विशेष भाराखाली आहे त्याच्यासाठी पाळकाने शास्त्रातील आणखी सांत्वनपर वचने योजावीत, अशी मुभा आहे. भरपाई म्हणून प्रार्थना, उपवास अथवा दान नेमून दिले जात नाही. अर्थात चोरलेली वस्तू परत करणे किंवा दुखावलेल्याची क्षमा मागणे हे कर्तव्य उरतेच; पण ते क्षमेची किंमत म्हणून नव्हे.

व्यवहारात हा विधी बहुधा शनिवारी सायंप्रार्थनेच्या वेळी, दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन घेणाऱ्यांसाठी होत असे. याच वेळी पाळक धर्मज्ञानाची परीक्षाही घेत असे. बंदिस्त, जाळीदार कोठडीचा प्रसार ट्रेंट परिषदेनंतर मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याच्या प्रयत्नांमुळे झाला. आरंभीच्या ल्यूथरन मंडळ्यांत पाळक चर्चमध्येच खुर्चीवर बसे व निवेदक जवळ येऊन हलक्या आवाजात बोले. सतराव्या-अठराव्या शतकांत अनेक जर्मन ल्यूथरन चर्चमध्ये स्वतंत्र निवेदनासने बांधली गेली. योहान सेबास्टियन बाख १७२३ मध्ये लाइपझिगला आला तेव्हा तेथे ही प्रथा चालू होती, आणि अन्य नागरिकांप्रमाणे त्यालाही आपला नेमलेला निवेदन-पाळक होता.

गुप्ततेचा प्रश्न

निवेदनात ऐकलेले कोणासही न सांगण्याचे बंधन ल्यूथरन पाळकांवरही आहे. त्यांच्या दीक्षाविधीत आजही अनेक ठिकाणी ही प्रतिज्ञा घेतली जाते. परंतु या बंधनाचा इतिहास निष्कलंक नाही.

१५३९ च्या डिसेंबरात हेसनचा राजा फिलिप याने पहिली पत्नी हयात असताना दुसऱ्या विवाहास ल्यूथर व मेलांक्थॉन यांची गुप्त संमती मिळविली. मार्च १५४० मध्ये विवाह झाला आणि लवकरच बातमी फुटली. तेव्हा हा पापनिवेदनाच्या गुप्ततेत दिलेला सल्ला आहे, तो उघड करता येणार नाही, असे सांगून ल्यूथरने राजालाही जाहीर इन्कार करण्याचा सल्ला दिला. दुर्बलाच्या रक्षणासाठी असलेली गुप्तता येथे सत्ताधाऱ्याच्या सोयीसाठी वापरली गेली.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतील आहे. १८३८-३९ मध्ये सॅक्सनीतील ल्यूथरनांचा एक समूह मार्टिन स्टेफान याच्या नेतृत्वाखाली मिसुरी येथे स्थलांतरित झाला. मे १८३९ मध्ये काही स्त्रियांनी एका पाळकापुढे खाजगीरीत्या सांगितले की, स्टेफानने त्यांच्याशी अनैतिक संबंध ठेवले होते. ही बाब अन्य पाळकांपर्यंत गेली आणि महिनाअखेर स्टेफानला पदच्युत करून वसाहतीबाहेर काढण्यात आले. येथे मौन राखले गेले असते तर अन्याय चालूच राहिला असता. निवेदकाचे स्वतःचे पाप आणि त्याच्यावर दुसऱ्याने केलेला अत्याचार या दोन गोष्टी एकाच आसनासमोर सांगितल्या जातात. पण त्यांना एकच नियम लावता येतो काय, हा प्रश्न या घटनेतून उभा राहतो. बालकांवरील अत्याचारांच्या संदर्भात आज सर्वच चर्चना तो अधिक तीव्रतेने भेडसावतो आहे.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

सिद्धान्ताने सक्ती नाकारली असली तरी व्यवहारात ती मागच्या दाराने परतली. निवेदनाशिवाय प्रभुभोजन नाही आणि प्रभुभोजनाशिवाय सामाजिक प्रतिष्ठा नाही, अशी साखळी तयार झाली. मोठ्या शहरांत एका पाळकापुढे एका दुपारी इतके लोक येत की, पाठ केलेला मजकूर म्हणून मोकळे होण्यापलीकडे वेळच मिळत नसे. निवेदनाच्या वेळी पाळकाला नाणे देण्याची रीत होती आणि ते त्याच्या उत्पन्नाचा भाग बनले होते. क्षमेच्या विक्रीविरुद्ध उभ्या राहिलेल्या पंथात क्षमावचनाशेजारी पुन्हा पैसा आला, हा विरोधाभास टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस फिलिप याकोब श्पेनर याच्या प्रभावाखालील भक्तिवादी चळवळीने यावर बोट ठेवले. बर्लिनच्या निकोलाई चर्चमधील पाळक योहान कास्पार शादे याने पश्चात्तापाचे चिन्ह नसलेल्यांना क्षमावचन देणे सदसद्विवेकास पटत नाही, असे म्हणून खाजगी निवेदन ऐकण्याचेच नाकारले. त्यातून मोठा वाद उद्भवला. १६९८ मध्ये शादेचे निधन झाले आणि त्याच वर्षी ब्रांडेनबुर्गच्या शासकाने खाजगी निवेदन ऐच्छिक केले. ज्ञानोदयाच्या काळात, अठराव्या शतकाअखेरपर्यंत, बहुतेक जर्मन प्रदेशांत सामुदायिक निवेदनाने त्याची जागा घेतली. ग्योटेने आपल्या आत्मचरित्रात तरुणपणीचा अनुभव सांगितला आहे : मनातील शंका बोलून दाखविण्याची तयारी करून तो गेला, पण आसनासमोर शब्द फुटेना, शेवटी पुस्तकातील ठराविक मजकूर वाचून तो परतला. प्रथेचा सांगाडा उरला होता आणि प्राण गेला होता, याची ही बोलकी साक्ष होय.

एकोणिसाव्या शतकात क्लाउस हार्म्स याने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधांत, आता लोक स्वतःच स्वतःला क्षमा करून घेतात, या अर्थाची उपरोधिक टीका केली. १८३७ पासून नॉयेनडेटेल्साउ या खेड्यात पाळक असलेल्या विल्हेल्म ल्योह याने सक्ती न करता, शिकवणुकीच्या बळावर, ही प्रथा पुन्हा रुजविली. विसाव्या शतकात डीट्रिख बोनहोफर याने फिंकेनवाल्ड येथील पाळकशाळेत विद्यार्थ्यांना प्रभुभोजनापूर्वी परस्परांपुढे निवेदन करण्यास उद्युक्त केले. नाझी राजवटीच्या दडपणाखाली चाललेली ही शाळा १९३७ मध्ये गेस्टापोने बंद केली. तेथील अनुभवावर आधारित त्याचा 'सहजीवन' हा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाप माणसाला एकटे पाडते आणि एकांतातच वाढते. दुसऱ्या माणसासमोर ते उच्चारले की त्याची पकड सुटते, असा त्याचा युक्तिवाद आहे. देवापुढे एकट्याने केलेले निवेदन पुष्कळदा स्वतःशीच केलेला सोयीचा संवाद ठरतो, हा त्याचा इशारा आजही विचारार्ह वाटतो.

आजची स्थिती

१९७८ चे 'ल्यूथरन बुक ऑफ वर्शिप' तसेच २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील दोन प्रमुख ल्यूथरन उपासनापुस्तके यांत व्यक्तिगत निवेदनाचा स्वतंत्र विधी दिलेला आहे. असे असूनही बहुसंख्य मंडळ्यांत रविवारच्या आरंभीचे सामुदायिक निवेदन हेच प्रचलित रूप आहे. खाजगी निवेदनाकडे लोक वळतात ते मुख्यतः मोठ्या संकटाच्या वा असह्य अपराधभावाच्या प्रसंगी. मानसोपचार व समुपदेशन यांनी त्याची जागा काही अंशी घेतली आहे, असेही म्हटले जाते. मात्र दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. समुपदेशक अपराधभावाचे कारण शोधून तो हलका करू पाहतो. पापनिवेदनात अपराध खरा मानला जातो आणि मग त्याची क्षमा घोषित होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ल्यूथरने खाजगी पापनिवेदन नाकारले नाही. त्यातील सक्ती, पापांची गणना आणि भरपाई ही तीन बंधने दूर केली.

२. ल्यूथरन विधीचा गाभा निवेदनात नसून व्यक्तीस उद्देशून उच्चारलेल्या क्षमावचनात आहे.

३. प्रथेचा ऱ्हास सिद्धान्तामुळे झाला नाही. व्यवहारातील अप्रत्यक्ष सक्ती, यांत्रिकता आणि पैशाचा संबंध ही त्याची प्रमुख कारणे होत.

४. गुप्तता हे या प्रथेचे बळ आहे, तसाच तिचा सर्वांत नाजूक भागही आहे.

या इतिहासातून एक व्यापक प्रश्न पुढे येतो. सक्ती केली की प्रथा निर्जीव होते आणि सक्ती काढली की ती विस्मरणात जाते. ल्यूथरला या दोन टोकांमधला मार्ग हवा होता : ज्याला भार जाणवतो त्याने भुकेल्याने अन्नाकडे यावे तसे यावे. हा मार्ग मोठ्या संस्थेला फार काळ जपता आला नाही. ल्योहच्या खेड्यात आणि बोनहोफरच्या छोट्या पाळकशाळेत तो काही काळ साधला. ऐकणारा माणूस विश्वासास पात्र असेल आणि बोलणारा स्वेच्छेने आलेला असेल, तेथेच ही प्रथा जिवंत राहिलेली दिसते.